‘स्वभावाने गरीब’

जून महिन्यात मुलाला वसतिगृहात सोडावयास आलेले पालक कार्यालयाबाहेर चपला काढून आत येतात आणि बहुधा एकच वाक्य बोलतात, “गुरुजी, पोरगं लई गरीब हाय, सांभाळून घ्या.” घरची परिस्थिती त्यांना सांगावयाची नसते, ती दिसतेच. मूल उलटून बोलत नाही, आपले म्हणणे पुढे रेटत नाही, कोणी त्याचा वाटा उचलला तरी गप्प राहते, हा त्या वाक्याचा अर्थ.

‘गरीब’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ परका, परमुलखातला. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. परमुलखातल्या माणसाला ना आधार, ना पैसा, ना आवाज; म्हणून निर्धन आणि नमते घेणारा हे दोन्ही अर्थ त्याला चिकटले. गुरांच्या बाजारात विकणारा “गाय गरीब आहे” असे सांगतो, म्हणजे ती लाथ मारीत नाही, कोणीही धार काढावी.

भिडस्ताला समोरच्याचे मन मोडवत नाही. मुखदुर्बळाच्या मनात असते, पण ओठांवर येत नाही. बुजरा ओळख होईपर्यंतच बुजरा. हे शब्द निदान अडचण सांगतात. ‘गरीब’ मात्र प्रशस्तिपत्र होऊन बसला आहे. (सुखवस्तू घरचे मूल असेच वागले, तर आपण त्यास ‘शांत’ म्हणतो, ‘गरीब’ नव्हे.)

आम्हीही प्रगतिपुस्तकांत ‘स्वभावाने गरीब’ असे कौतुकाने लिहीत आलो. एका वर्षी पाचवीतील एका मुलाविषयी तसेच लिहिले. दिवाळीच्या सुटीनंतर त्याची आई म्हणाली, “घरी तीन भाकरी खातो, मग इथं वाळला कसा?” चौकशी केली. वाढपी दुसऱ्यांदा पंगतीतून जाई, तेव्हा हा मान खाली घालून बसे. मागण्याचा धीरच नव्हता. आमच्या देखत मूल सबंध सत्र अर्धपोटी राहिले आणि आम्ही त्याचा गुण म्हणून नोंद केली. अरबीतल्या अर्थाने तो खरोखरच गरीब होता, परका.

याला विनय समजणे ही आमची चूक. सम्यक वाचेत असत्य, चहाडी, कठोर शब्द आणि व्यर्थ बडबड वर्ज्य आहेत. हक्काचे मागणे वर्ज्य नाही. वर्षावासाच्या अखेरीस पवारणेच्या दिवशी ज्येष्ठ थेरही संघासमोर हात जोडून आपले दोष दाखवण्याची विनंती करतात. ज्याला बोलवत नाही त्याला बोलते करण्याचा भार तेथे वडीलधाऱ्यांनी उचललेला आहे.

तेव्हापासून वाढपी प्रत्येक ताटापाशी थांबून “आणखी?” असे विचारतो, आणि मुलाने ऐकू येईल असे उत्तर द्यावयाचे असते. त्या मुलाच्या पुढील सत्राच्या प्रगतिपुस्तकात आम्ही लिहिले : ‘अजून स्वतःहून मागत नाही. विचारल्यास सांगतो.’