उपनगरातील बागकाम : छंद आणि दक्षता

मुंबईची उपनगरे साष्टी बेटावरील गावठाणे, वाड्या व भातखाचरे यांच्या जागी वाढत गेली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथे आज इमारतींची दाटी झाली असली, तरी रहिवाशांची मातीची ओढ ओसरलेली नाही. गॅलरीतील तुळस, गच्चीवरील भाजीपाला, गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील फुलझाडे आणि शाळेची परसबाग ही त्याची साक्ष होय. हा छंद आरोग्यदायी आहे. परंतु मुसळधार पाऊस, साचलेले पाणी आणि लगतचे जंगल यांमुळे त्यात काही धोकेही संभवतात. ते टाळण्यास पैशापेक्षा सवयीची गरज अधिक आहे.

कुंडीखालची ताटली

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास मुख्यतः साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंडीखालची ताटली, मनी प्लँटची बाटली, उघडे पिंप किंवा टाकून दिलेला डबा त्याला पुरेसा होतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणतः ७ ते १० दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे आवाहन आरोग्य यंत्रणा करीत आली आहे. मात्र या डासाची अंडी भांड्याच्या आतील कडेला चिकटतात आणि कोरड्या स्थितीतही कित्येक महिने तग धरतात. तेव्हा केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. कडा घासून काढणे अगत्याचे आहे. हा डास दिवसा चावतो, यास्तव बागेत काम करताना अंगभर कपडे घालावेत.

ओली माती, उघडे पाय

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पूर ओसरल्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने डोके वर काढले. उंदीर व अन्य जनावरांच्या मूत्रातून या रोगाचे जंतू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि जखमेतून किंवा भेगाळलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. पाणी तुंबलेल्या बागेत अनवाणी उतरणे म्हणूनच धोक्याचे होय. गमबूट व रबरी हातमोजे वापरावेत, जखम झाकावी, काम संपताच हातपाय साबणाने धुवावेत. अशा पाण्यातून चालावे लागल्यास प्रतिबंधक औषधाविषयी डॉक्टरांचा सल्ला लवकर घ्यावा. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळे लाल होणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत. मातीत धनुर्वाताचे जंतूही असतात; त्यावरील लस वेळेवर घेतलेली असावी.

पालापाचोळा आणि साप

बोरिवली व मुलुंड यांच्या मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. त्याच्या परिसरात आणि आरे वसाहतीच्या आसपास साप आढळणे स्वाभाविक आहे. विटांचे ढीग, पालापाचोळा व उंदरांची बिळे त्यांना आसरा देतात. पाला हाताने न उचलता दाताळ्याने ओढावा आणि अंधारात विजेरी वापरावी. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार प्रमुख विषारी सापांच्या दंशावर एकच प्रतिविष उपयोगी पडते. दंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, विष चोखू नये. रुग्णास धीर द्यावा, दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा आणि राजावाडी, कूपर यांसारखे जवळचे मोठे रुग्णालय तत्काळ गाठावे.

औषधफवारणी

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. बागेतील फवारणीचे प्रमाण कमी असले, तरी विषाचा गुणधर्म बदलत नाही. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस तोंड करून फवारू नये, नाकातोंडास संरक्षण असावे आणि उरलेले औषध शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये.

जबाबदारी कोणाची?

या दक्षतेची सर्वाधिक गरज घरमालकापेक्षा माळ्याला असते. तो दिवसभरात अनेक आवारांत राबतो. पण त्याच्या पायांत गमबूट आहेत की नाहीत, हे पाहणे कोणालाच आपले काम वाटत नाही. बाग सर्वांची, मात्र धोका एकट्याचा, ही रीत न्यायाची नव्हे. संस्थेच्या कार्यकारिणीने हातमोजे, गमबूट व लसीकरणाचा खर्च बागेच्याच खर्चात धरावा. शिक्षकांनी परसबागेचा तास सुरू होण्यापूर्वी मुलांची पादत्राणे तपासावीत. ग्रामपंचायत सदस्यांनीही आपल्या गावातील शाळा व सार्वजनिक बागांत हाच क्रम अनुसरावा. बाग फुलते ती राबणाऱ्या हातांमुळे. ते हात निरोगी राखणे हे बागकामातील पहिले काम होय.