बलक टाकावा की ठेवावा? : कोलीन, जीवनसत्त्व 'अ' आणि पथ्यातील अंडे



"डॉक्टर, अंड्यातला पिवळा काढून टाकला तर चालेल का?" हा प्रश्न जुन्नर, नारायणगाव, मंचर वा घोडेगाव परिसरात चिकित्सा करणाऱ्या कोणासही नवा वाटणार नाही. आजवर या प्रश्नामागे बहुधा कोलेस्टेरॉलची धास्ती असे. आता त्यात आणखी एका कारणाची भर पडू लागली आहे. जीवनसत्त्व 'अ' हे शरीरास घातक आहे, ते आहारातून जवळजवळ हद्दपार करावे, असे मत परदेशात काही जण मांडतात आणि मोबाइलच्या पडद्यावरून ते कोणत्याही वाडीवस्तीवर पोहोचू शकते. असा आहार घेणाऱ्यास यकृतासाठी कोलीनही हवे असते. कोलीनचा सर्वांत सुलभ स्रोत अंड्याचा बलक, आणि अंड्यातील जीवनसत्त्व 'अ'ही त्याच बलकात. मग बलक खावा की टाकावा?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मात्रेच्या अंगाने केला आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायास 'मात्राशितीय' असे नाव दिले, ते उगीच नव्हे. द्रव्य हितकर की अहितकर, हे मात्रेवाचून सांगता येत नाही.

कोलीन : पित्तातून सापडलेले द्रव्य

जर्मन रसायनशास्त्रज्ञ अॅडॉल्फ स्ट्रेकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे द्रव्य प्राण्याच्या पित्तातून वेगळे केले आणि १८६२ मध्ये त्यास कोलीन हे नाव दिले. पित्तवाचक ग्रीक शब्दावरून ते आले आहे. पुढे इन्सुलिनच्या शोधात सहभागी असलेले चार्ल्स बेस्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९३२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की या द्रव्यामुळे यकृतात मेद साठणे टळते.

त्याची कार्यपद्धती थोडक्यात अशी. यकृतात तयार झालेला मेद रक्तात पाठवण्यासाठी त्याभोवती एक विशिष्ट आवरण लागते. ते आवरण घडवण्यास कोलीन लागते. कोलीन अपुरे पडले, तर मेद यकृतातच साचतो. याशिवाय मज्जातंतूंचे संदेश वाहणारे अॅसिटिलकोलीन आणि प्रत्येक पेशीचे बाह्य आवरण यांसाठीही त्याची गरज असते. शरीर स्वतः थोडे कोलीन तयार करते, परंतु ते पुरेसे नसते. अमेरिकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी पुरुषांना कोलीनविरहित आहार देण्यात आला, तेव्हा काही आठवड्यांतच यकृतहानी दर्शवणारी रक्तातील पातळी वाढली. १९९८ मध्ये तेथील वैद्यकीय संस्थेने दैनंदिन पुरेशी मात्रा ठरवली : प्रौढ पुरुषास ५५० मिलिग्रॅम, स्त्रीस ४२५, गर्भिणीस ४५० आणि स्तनदा मातेस ५५० मिलिग्रॅम. ऋतुनिवृत्तीपूर्वी इस्ट्रोजेनमुळे स्त्रीचे शरीर थोडे अधिक कोलीन बनवू शकते. ऋतुनिवृत्तीनंतर हा लाभ ओसरतो, हे चिकित्सकाने ध्यानात ठेवावे.

जीवनसत्त्व 'अ' : जीवन आणि विष, दोन्ही

१९१३ मध्ये अमेरिकेतील मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी लोण्यात व अंड्याच्या बलकात एक मेदात विरघळणारे द्रव्य असल्याचे दाखवले. त्यावाचून उंदरांची वाढ खुंटत असे. तेच पुढे जीवनसत्त्व 'अ' म्हणून ओळखले गेले. आपल्या परंपरेस या द्रव्याचे नाव ठाऊक नव्हते, परंतु त्याचा उपयोग ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात दृष्टिगत रोगांच्या चिकित्सेत नक्तांध्यासाठी यकृत आणि पिंपळी यांचा प्रयोग सांगितला आहे. आज आपण जाणतो, की प्राण्याच्या शरीरात जीवनसत्त्व 'अ'चा मुख्य साठा यकृतातच असतो.

ते अनावश्यक आहे, हे मत म्हणूनच टिकणारे नाही. त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो, डोळ्याचा पारदर्शक पडदा कोरडा पडून अंधत्व येऊ शकते, बालकांची संसर्गास तोंड देण्याची शक्ती घटते. त्याचबरोबर अतिमात्रेत ते विषासारखे वागते, हेही तितकेच खरे. सतत डोकेदुखी, ओठ फुटणे, त्वचा कोरडी पडणे, केस गळणे, हाडे व सांधे दुखणे, यकृतास इजा आणि गर्भात व्यंग, हे अतिमात्रेचे परिणाम होत. प्रौढांसाठी तयार रेटिनॉलची दैनंदिन सुरक्षित कमाल मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम मानली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये शिफारस केलेली दैनंदिन मात्रा पुरुषास १,००० व स्त्रीस ८४० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे गरज आणि मर्यादा यांत अंतर आहे, पण ते अमर्याद नाही.

अंड्याचा हिशेब

मध्यम ते मोठ्या आकाराच्या, सुमारे ५० ग्रॅमच्या एका अंड्यात साधारण १४७ मिलिग्रॅम कोलीन आणि ८० मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व 'अ' असते. दोन्ही जवळजवळ पूर्णपणे बलकात असतात, पांढऱ्या भागात नाममात्र. त्यामुळे बलक टाकणारा रुग्ण ८० मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व वाचवतो आणि १४७ मिलिग्रॅम कोलीन गमावतो.

आता तुलना करून पाहू. आकडे सरासरी आहेत. पशूच्या आहारानुसार त्यांत फरक पडतो.

१. गाईचे पूर्ण मलईचे दूध, एक मोठा पेला (२४० मिलिलिटर) : जीवनसत्त्व 'अ' सुमारे ११० मायक्रोग्रॅम, कोलीन सुमारे ४० मिलिग्रॅम.

२. तूप, दोन लहान चमचे (१० ग्रॅम) : जीवनसत्त्व 'अ' सुमारे ८० मायक्रोग्रॅम, कोलीन नगण्य.

३. कॉड माशाच्या यकृताचे तेल, एक लहान चमचा : सुमारे १,३५० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे १७ अंड्यांइतके.

४. शेळी-मेंढीचे यकृत, १०० ग्रॅम : काही हजार मायक्रोग्रॅम.

५. जीवनसत्त्व 'अ'ची २५,००० युनिटची एक गोळी : सुमारे ७,५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ९० हून अधिक अंड्यांइतके.

या पाच ओळींतच प्रश्नाचे उत्तर आहे. जो रुग्ण जीवनसत्त्वाच्या भयाने अंडे सोडतो आणि त्याऐवजी दोन पेले दूध पितो, तो जीवनसत्त्व 'अ' अधिक घेतो आणि कोलीन कमी. जो बलक काढून टाकतो, परंतु सांधेदुखीसाठी म्हणून दररोज माशाच्या यकृताचे तेल घेतो, त्याचे पथ्य उफराटे आहे. अतिमात्रा बहुधा ताटातून येत नाही, ती बाटलीतून येते.

घृतकल्प वापरणाऱ्या वैद्यांसाठी येथे एक नोंद. त्रिफळा घृताच्या रोजच्या एक-दोन चमच्यांनी मर्यादा ओलांडली जात नाही. शोधनपूर्व स्नेहपानात १०० मिलिलिटर तूप दिले, तरी त्यातून सुमारे ७५० मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व जाते आणि तेही मोजक्या दिवसांसाठी. मात्र रुग्ण त्याच काळात जीवनसत्त्व 'अ'च्या गोळ्या वा यकृताचे तेल घेत असेल, तर ते आधी थांबवावे.

रंगावरून होणारी फसगत

गावरान अंड्याचा बलक गडद केशरी दिसतो, म्हणून त्यात जीवनसत्त्व 'अ' जास्त असेल, अशी समजूत आढळते. बलकाचा रंग मुख्यतः मका, हिरवा पाला यांतील ल्युटीन व झिअॅझँथिन या रंगद्रव्यांमुळे येतो आणि ही रंगद्रव्ये शरीरात जीवनसत्त्व 'अ' बनत नाहीत. नारायणगावच्या बाजारात ढिगाने येणाऱ्या टोमॅटोची लालीही बव्हंशी लायकोपीनची. तेही जीवनसत्त्व 'अ' बनत नाही. गाजर, शेवग्याचा पाला, पपई यांतील कॅरोटीनपासून शरीर गरजेनुसार जीवनसत्त्व बनवते, त्यामुळे भाज्या-फळे खाऊन विषबाधा होत नाही. फार तर तळहात पिवळसर दिसतात. म्हणून लाल-पिवळे अन्न सरसकट वर्ज्य करण्याचा सल्ला अनाठायी आहे.

खरोखर कोणास मर्यादा हवी?

अतिमात्रेची लक्षणे व तशा रक्ततपासण्या असलेला रुग्ण, यकृताचा गंभीर विकार वा अति मद्यपान असलेला रुग्ण, मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात जीवनसत्त्व साठून राहणारा रुग्ण आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणारा रुग्ण, यांना जीवनसत्त्व 'अ'ची पूरक औषधे देऊ नयेत. आयसोट्रेटिनॉइन हे याच जीवनसत्त्वाच्या कुळातील द्रव्य असून गर्भास अत्यंत घातक आहे. औषधविक्रेत्यांनी ते त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवाचून कधीही देऊ नये आणि सोबत दुसरी बाटली नकळत विकली जात नाही ना, हे पाहावे. या रुग्णांनाही यकृत व यकृताचे तेल वर्ज्य. नेहमीच्या जेवणातील एखादे अंडे बहुधा नव्हे. मूत्रपिंडविकारात बलकातील फॉस्फरसचाही प्रश्न असल्याने तेथे संबंधित तज्ज्ञाचा निर्णय अंतिम मानावा.

डोंगरपट्ट्यातील स्त्रिया व बालके

या विषयातील खरा धोका येथे आहे. मोजक्या रुग्णांसाठी असलेले पथ्य ज्यांना ते नको, त्यांच्या ताटापर्यंत पोहोचू शकते. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात अंगणवाडीतील अंडे हे अनेक बालकांच्या आहारातील महत्त्वाचे प्राणिज अन्न आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आदिवासी भागातील गर्भिणी व स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली आणि पुढे बालकांसाठी अंडी वा केळी यांची तरतूद केली. या मातेला वा बालकाला कोणी "बलक गरम पडतो, विषारी असतो" असे सांगितले, तर तिचे कोलीन जाते, जीवनसत्त्व जाते आणि उत्तम प्रथिनही जाते. गर्भाच्या मेंदूच्या वाढीस कोलीन लागते, हे येथे विसरता कामा नये.

तसेच शासकीय कार्यक्रमात नवव्या महिन्यात १ लाख युनिट आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट जीवनसत्त्व 'अ' पाजले जाते. ही मात्रा मोठी दिसते, परंतु ती सहा महिन्यांच्या अंतराने, यकृतात साठा व्हावा या हेतूने दिलेली असते. रोजच्या गोळीशी तिची तुलना करून पालकांना परावृत्त करू नये. डोस झाल्याची नोंद पाहूनच अन्य पूरक औषधांचा विचार करावा.

अंडे न खाणाऱ्यांसाठी

आपल्याकडे माळकरी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांस अंड्याचा आग्रह करण्याचे कारण नाही. आंबेगावच्या सातगाव पठारावरील बटाटा येथे उपयोगी पडतो. सालीसकट भाजलेल्या एका मोठ्या बटाट्यात सुमारे ५७ मिलिग्रॅम कोलीन असते आणि जीवनसत्त्व 'अ' जवळजवळ नसते. भाजलेले सोयाबीन अर्धी वाटी सुमारे १०० मिलिग्रॅम, शिजवलेला राजमा अर्धी वाटी ४०च्या आसपास, शेंगदाणे मूठभर वा फ्लॉवर अर्धी वाटी सुमारे २४ मिलिग्रॅम. जीवनसत्त्व 'अ' मर्यादित ठेवून कोलीन हवे असेल, तर ही द्रव्ये दुधातुपापेक्षा सरस ठरतात.

मिश्राहारी प्रौढासाठी एक नमुना पाहा : दोन अंडी, एक मोठा बटाटा, अर्धी वाटी सोयाबीन, अर्धी वाटी राजमा. एकूण कोलीन सुमारे ५०० मिलिग्रॅम. उरलेले पोळी-भाकरी व डाळीतून मिळते. दोन अंड्यांतून जाणारे जीवनसत्त्व 'अ' केवळ १६० मायक्रोग्रॅम, कमाल मर्यादेच्या सुमारे एकोणिसाव्या भागाइतके.

चिकित्सकाचा विवेक

चरकसंहितेत अन्नपानविधी अध्यायात कुक्कुटादी पक्ष्यांची अंडी मधुर, अविदाही व सद्यःबलकर सांगितली असून क्षीणशुक्र, कास, हृद्रोग व क्षत यांत ती हितकर मानली आहेत. तरीही अग्नी, देश, काल पाहूनच ती द्यावीत. मंदाग्नी असलेल्यास एका अंड्याने आरंभ करावा. अंड्याची अॅलर्जी असल्यास वर्ज्य. मधुमेह वा हृद्रोगात संख्या बेताची ठेवावी. कच्चे अंडे देऊ नये, कारण त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि कच्च्या पांढऱ्या भागातील एक प्रथिन बायोटिनचे शोषण अडवते. उकडलेले अंडे सर्वोत्तम.

सारांश

१. बलकाविषयी विचारणाऱ्या रुग्णास आधी घरातील गोळ्या, बाटल्या व तेले घेऊन येण्यास सांगावे.

२. यकृत, यकृताचे तेल व जीवनसत्त्व 'अ'च्या गोळ्या यांवर नियंत्रण ठेवावे, बलकावर नव्हे.

३. अतिमात्रेची शंका आल्यास यकृताच्या तपासण्या करून घ्याव्यात व रुग्णास योग्य ठिकाणी पाठवावे. साठा यकृतात असल्याने उतार सावकाश पडतो, हे रुग्णास समजावून सांगावे.

४. गर्भिणी, स्तनदा माता व बालके यांना जीवनसत्त्व 'अ' वर्ज्य करणारा आहार आपणहून कधीही सुचवू नये. गर्भिणीने यकृत व अतिमात्रेतील पूरक औषधे मात्र टाळावीत.

अंड्यातील पिवळा काढण्यापूर्वी फडताळातील बाटली तपासावी, एवढा एक प्रश्न आपण प्रत्येक दवाखान्यात आणि प्रत्येक औषधालयाच्या खिडकीवर विचारू लागलो, तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.