रात्रपाळीचे सेकंद

कर्जतहून खोपोली लोकल धरून मी बरीच वर्षं खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेलो. पंचिंगवरून तास काढायचे, ओटी लावायचा. डेटाबेस मायएसक्यूएलचा. तिथे खाल्लेल्या ठेचा सांगतो.

१. वेळांची थेट बेरीज करू नका. साडेआठ तास आणि पावणेनऊ तास ‘सम’ला दिले, उत्तर आलं १६७५००. ०८:३०:०० म्हणजे त्याच्या लेखी ८३००० हा नुसता आकडा. आधी ‘टाइम-टू-सेक’ लावा: ३०६०० आणि ३१५००, मिळून ६२१००. सव्वासतरा तास.

२. वेळेला तारीख जोडल्याशिवाय सेकंद काढू नका. रात्री दहाला आत, सकाळी सहाला बाहेर. २१६०० उणे ७९२००, म्हणजे उणे सोळा तास! माणूस रात्रभर राबला आणि वर कारखान्याचंच देणं लागला. उत्तर उणे आलं की मी ८६४०० मिळवायचो. ही युक्ती वर्षभर चालली. मग एकदा रिलिव्हर आलाच नाही म्हणून एक जण सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशीच्या सहापर्यंत मशीनवर राहिला. हिशेब आला शून्य. खिडकीशी येऊन तो एवढंच म्हणाला, “साहेब, मी आलोच नव्हतो का?” त्या दिवशी सगळ्या क्वेऱ्या बदलून पूर्ण तारीख-वेळ घेतली आणि ‘टाइमस्टॅम्पडिफ’ लावलं.

३. हजेरी आत येण्याच्या तारखेवर टाका. पहाटे पाचलाही कामगार ‘मंगळवारची रात्र’च म्हणतो. पंचांगातला वारही सूर्योदयालाच बदलतो. मध्यरात्रीचा हट्ट फक्त क्वेरीचा.

४. सर्व्हर ग्रिनिचच्या वेळेवर असेल तर १९८०० सेकंद मिळवा. एकदाच. मी दोनदा मिळवले होते.

५. ‘सेक-टू-टाइम’ ८३८:५९:५९ च्या पुढे जात नाही. माणशी महिना २०८ तास धरले तर चौघांचे ८३२ बसतात, पाचव्याला जागा नाही. एका महिन्यात आमच्या सगळ्या विभागांचे तास सेकंदापर्यंत सारखे निघाले, आणि त्या कागदावर वरून सहीसुद्धा झाली. तेव्हापासून मी बेरीज सेकंदांतच ठेवून ३६०० ने भागतो.

६. १९७० पासूनचे सेकंद साध्या ‘इंट’ कॉलमात साठवत असाल, तर तो कॉलम आजच बदलून घ्या. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी तो भरतो. पहिली पाळी तेव्हा कामावर असेल.