बर्फावर टायरची परीक्षा

घर्षणाचा धडा शिकताना आपण लाकडी ठोकळा टेबलावरून ओढतो आणि ताणकाट्यावरचा आकडा वहीत लिहितो. फिनलंडमधील इवालो या गावाजवळ हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर चालतो. तेथे ठोकळ्याच्या जागी मोटार असते आणि टेबलाच्या जागी बर्फ. इवालो उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे आहे. हिवाळ्यात तेथे महिनोन्महिने सगळे गोठलेले असते, म्हणून टायर तपासणाऱ्यांची तेथे वर्दळ असते. स्वीडनमधील आर्येप्लोग येथेही गोठलेल्या तलावांवर मोटारींच्या चाचण्या होतात.

आधी एका शब्दाची अडचण सोडवू. आपण भुरभुरणाऱ्या हिमालाही बर्फ म्हणतो आणि सरबतातल्या खड्यालाही बर्फच म्हणतो. टायरच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हिमात टायरची नक्षी रुतते, हिम दाबून धरते आणि त्याच्या आधाराने गाडी पुढे जाते. गुळगुळीत बर्फात रुतायला जागाच नसते. म्हणून या लेखात भुरभुरीत असेल त्याला हिम आणि घट्ट, काचेसारखा असेल त्याला बर्फ म्हणू.

आता थोडे गणित. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्याचे अंतर काढण्यासाठी वेगाच्या वर्गाला घर्षण गुणांक आणि गुरुत्वीय त्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचे. गाडीचे वजन या सूत्रात येतच नाही. ते दोन्ही बाजूंना असते आणि कटून जाते. वेग ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर धरू आणि गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी 10 धरू. कोरड्या डांबरावर घर्षण गुणांक 0.8 च्या आसपास असतो, तेव्हा गाडी सव्वासहा मीटरमध्ये थांबते. बर्फावर गुणांक 0.1 इतका खाली येतो आणि तीच गाडी 50 मीटर घसरत जाते. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी बर्फावर सुरक्षित, असा एक समज आहे. निघताना आणि चढावर तिचा उपयोग होतो हे खरे, पण ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात. थांबताना तिला जादा काही मिळत नाही.

मग टायर काय करू शकतो? उन्हाळी टायरचे रबर साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरच्या रबराचे मिश्रण असे असते की ते थंडीतही मऊ राहते आणि रस्त्याच्या बारीक उंचसखलपणाला चिकटून बसते. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. या चिरांच्या कडा बर्फ खरवडतात. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अगदी पातळ थर असतो, घर्षणाच्या उष्णतेने तो आणखी वाढतो आणि बर्फ निसरडा होण्याचे मुख्य कारण हा थरच आहे. त्यातले थोडे पाणी चिरांमध्ये शिरते. जपानमध्ये 1988 साली ब्रिजस्टोन कंपनीने ‘ब्लिझॅक’ हा टायर आणला. त्याच्या रबरात स्पंजासारखी सूक्ष्म छिद्रे होती, ती हेच पाणी शोषण्यासाठी. त्या काळात जपानमध्ये खिळ्यांचे टायर सर्रास वापरात होते. खिळे बर्फ चांगला पकडतात, पण बर्फ नसलेल्या रस्त्यावर ते डांबर उखडतात. सेंदाईसारख्या शहरांत या धुळीने लोक हैराण झाले आणि 1990 मध्ये जपानने खिळ्यांच्या टायरविरुद्ध कायदा केला. फिनलंड आणि स्वीडनमध्ये मात्र असे टायर ठरावीक महिन्यांत आजही चालतात.

पहिला हिवाळी टायरही फिनलंडचाच. तो 1934 साली ट्रकसाठी निघाला आणि दोन वर्षांनी मोटारींसाठी ‘हक्कापेलिट्टा’ आला. तो तयार करणारा कारखाना नोकिया गावातला. ज्या मोबाइल फोनचे नाव आपल्या घराघरांत पोहोचले, तो उद्योगसमूह आणि हा रबराचा कारखाना एकेकाळी एकाच कुटुंबातले होते!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘या टायरची बर्फावरची पकड किती?’ असे विचारले तर खरे म्हणजे उत्तर देता येत नाही. बर्फ ही काही लोखंडाच्या पट्टीसारखी स्थिर वस्तू नाही. सकाळी उणे 15 अंशांवर असलेला बर्फ दुपारी उन्हाने उणे 4 वर येतो आणि पूर्वीपेक्षा निसरडा होतो. गाड्या वारंवार ब्रेक दाबून गेल्या की तो पॉलिश केल्यासारखा चकचकीत होतो. रात्री हिमकण पडले की पुन्हा खरखरीत. सकाळी तपासलेला ‘क’ टायर आणि दुपारी तपासलेला ‘ख’ टायर यांची तुलना केली, तर आपण टायरची नव्हे, सकाळ-दुपारची तुलना केली असे होईल. यातून वाट काढण्यासाठी एक ठरलेला संदर्भ-टायर घेतात. आधी तो तपासायचा, मग एक-दोन उमेदवार, मग पुन्हा संदर्भ-टायर. संदर्भ-टायरचा दुसऱ्या वेळचा आकडा पहिल्यापासून फार सरकला असेल, तर मधली मोजणी रद्द. प्रत्येक टायरवर ब्रेक अनेकदा लावून सरासरी काढतात. गाडी एकच, टायरमधील हवा ठरलेली. मला या सगळ्या विषयात हीच युक्ती सर्वांत मोलाची वाटते. जी गोष्ट स्थिर ठेवता येत नाही, तिच्या बदलाचाही हिशेब ठेवायचा. ऊन-वाऱ्याचा प्रश्न सोडवण्यासाठी इवालोला छताखालचे बर्फाचे मार्गही बांधले आहेत.

प्रमाणित चाचणीत गाडीचा वेग ताशी सुमारे 20 किलोमीटरवरून 5 पर्यंत कमी होताना किती मंदन झाले ते मोजतात. शून्यापर्यंत का नाही? अगदी कमी वेगात एबीएस ही ब्रेकयंत्रणा काम थांबवते, चाक अडकते आणि मोजणी विस्कळीत होते. बर्फाचे तापमान उणे 5 ते उणे 15 अंशांच्या दरम्यान असावे लागते. संदर्भ-टायरला 100 गुण धरले तर निदान 118 गुण मिळवणाऱ्या टायरला बर्फावरील पकडीचे चिन्ह मिळते. युरोपीय संघात मे 2021 पासून हे चिन्ह टायरच्या लेबलावर येते. खिळ्यांच्या टायरना ते लागू नाही.

त्याआधीपासून टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे एक चिन्ह असते. ग्राहक ते पाहून निर्धास्त होतात. पण ते चिन्ह हिमावरच्या चाचणीचे आहे, बर्फावरच्या नव्हे. जर्मनीच्या हिवाळ्यासाठी बनवलेला टायर हिमावर उत्तम आणि बर्फावर अगदी सामान्य असू शकतो. उलट बर्फासाठीचा अतिमऊ टायर ओल्या किंवा कोरड्या वेगवान महामार्गावर मागे पडतो.

18 गुणांचा फरक किरकोळ वाटला का? आपल्याच गणितात घालून पाहू. गुणांक 0.1 ऐवजी 0.118 झाला, तर 50 मीटरचे अंतर सुमारे 42 मीटर होते. चांगल्या टायरची गाडी जेथे पूर्ण थांबली, तेथे दुसरी गाडी अजून ताशी 14 किलोमीटर वेगाने सरकत असते. समोर झेब्रा क्रॉसिंगवर माणूस असेल तर हा फरक कोणी किरकोळ म्हणणार नाही. आणि लक्षात घ्या, सर्वांत घातक असा शून्य अंशाजवळचा ओला बर्फ या चाचणीच्या तापमानात बसतच नाही.

युरोपातील लोक टायर घेण्यापूर्वी मोटार-मासिकांतील चाचण्या वाचतात. फेब्रुवारी 2016 मध्ये फिनलंडमधील ‘काउप्पालेहती’ या अर्थविषयक दैनिकाने उघडकीस आणले, की नोकियन टायर्स ही कंपनी मासिकांना चाचणीसाठी दुकानातल्यापेक्षा वेगळे, अधिक चांगले उतरणारे टायर देत होती. पूर्वी असे घडल्याचे कंपनीने मान्य केले. तलाव तोच, संदर्भ-टायर तोच, सरासरीही बिनचूक, पण जो तपासला तो टायर गिऱ्हाइकाच्या गाडीला बसणारच नव्हता. म्हणून तपासणीचे टायर सामान्य गिऱ्हाइकासारखे दुकानातूनच विकत आणावेत, हा नियम इतर सर्व काटेकोरपणाइतकाच महत्त्वाचा.

आपल्या इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स ही वाहन-चाचणी संस्था आहे. तिचा 11.3 किलोमीटरचा वेगवान मार्ग जून 2021 मध्ये सुरू झाला. तेथे बर्फ अर्थातच नाही. पण बर्फासाठी फार लांब जायला नको, घरचा फ्रीजर पुरे. स्टीलच्या सपाट ताटात बोटभर पाणी गोठवा. एका लाकडी ठोकळ्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि दुसऱ्याखाली जुन्या चपलेच्या तळाचा तुकडा चिकटवा. दोन्हींवर अर्ध्या किलोचे वजन ठेवून ताणकाट्याने हळू, आडवे ओढा. क्रम ट्यूब, तळ, पुन्हा ट्यूब असा ठेवा आणि प्रत्येक वेळी पाच-पाच आकडे लिहा. ट्यूबचे पहिले आणि शेवटचे आकडे जुळले नाहीत तर ते खोडू नका. वहीत दोन्ही राहू द्या आणि शेजारी वेळ लिहा. ठोकळा आपोआप सरकू लागला तर ताट तिरके आहे, आणि बर्फावर पाणी दिसू लागले की ताट पुन्हा फ्रीजरमध्ये.