ठकठक्या आणि राजहंस

डोंबिवली पूर्व,
आषाढातला पहिला सोमवार

चि. सई हिस आजीचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. आधी माझा गुडघा, गोळ्या, पाणी आलं का, सगळं झालं आणि मग आवाज खाली करून म्हणाली, "आई, सईच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं होतं. शिबिराचा निबंध तिनं स्वतः लिहिलेला नाही म्हणतात. वर्गात विचारलं तर नुसती उभी राहिली, एक शब्द बोलली नाही." मग मला कसली झोप लागतेय!

उतरवलास की नाही ते नंतर बघू. गप्प का बसलीस, ते आधी सांग. आपल्या घरात गप्प बसणारं आहे कोण? तुझी आई पाचवीत असताना बेरजेत दोन मार्क कमी धरले म्हणून थेट मास्तरांच्या खोलीत जाऊन उभी राहिली होती. तुझा मामा तर झोपेतही बोलतो. आणि तू, जी माझ्याकडे आलीस की भाजी निवडून होईपर्यंत माझे कान किटवतेस, ती बाईंपुढे मुकी?

आईनं वहीचे फोटो पाठवले. मोबाइलवर अक्षरं मोठी करत करत सगळं वाचून काढलं. बाईंना संशय आला तो म्हणे निबंधातल्या ठकठक्या नावाच्या जनावराचा. सातवीतल्या मुलीला हे सुचणार नाही, कुठल्या तरी पुस्तकातलं असणार. मला हसूच आलं. रात्री येऊरला, तुमच्या शिबिराच्या जागी, कच्च्या रस्त्यावर बसतो काय, लाल डोळ्यांचे दिवे लावतो काय, आणि हजेरीतली नावं खातो म्हणून सकाळी शिबिराच्या ताई हजेरी घेतात तेव्हा निम्मी मुलं "हजर" म्हणायचंच विसरतात! हे कुठल्या पुस्तकात असणार गं? शिवाय "दिवे"मधला दि तू दीर्घ काढला आहेस, तो पहिलीपासून तसाच काढतेस. ठकठक्या तुझाच. त्याच्याबद्दल मी बाईंसमोर शपथ घ्यायला तयार आहे.

पण मग पान उलटलं. "शिबिरात आम्ही अनेक पक्षी पाहिले." लाल छातीचा रॉबिन, नाइटिंगेलचं मधुर गाणं, तळ्यात विहरणारे राजहंस. सई! मे महिन्यात, येऊरला, राजहंस? त्या परिच्छेदात शुद्धलेखनाची एक चूक नाही. तिथेच मला कळलं. हा मोबाइलमधून आला. ज्या जनावराला कोणी पाहिलेलं नाही ते तुझ्या वहीत जिवंत आणि जे पक्षी डोक्यावर ओरडत होते ते सगळे खोटे. बाईंनी चोर पकडला, पण भलत्याच पानावर. त्यांनाही दोष देत नाही, वर्गभर वह्या तपासायच्या म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे.

म्हणून गप्प बसलीस ना? अर्धा निबंध तुझा होता, अर्धा नव्हता. "माझा आहे" म्हणायची सोय नव्हती आणि "माझा नाही" म्हटलं असतं तर ठकठक्याही गेला असता. माझा अंदाज चुकला असेल तर सांग. पण सांग. गप्प राहू नकोस.

अगं, पक्षी काय परदेशातून मागवायला हवेत? मे महिन्यात येऊरला पावशा दिवसभर "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" करत असतो. तांबट ठोके घालत असतो, तो तर आमच्या सोसायटीच्या उंबरावरही असतो. त्याच उंबरावर फळं पिकली की हिरवट पिवळी हरोळी उतरतात, त्यातलं हरियाल म्हणजे महाराष्ट्राचा राज्यपक्षी. महिनाअखेरीला, पावसाच्या तोंडावर, नवरंग येतो. हिवाळा दक्षिणेत, पार श्रीलंकेपर्यंत काढून विणीसाठी वर सरकतो, आणि पहाटे नि संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो. लांब मानेचं, तळ्याकाठचंच काही हवं असेल तर ऐरोलीच्या पुलावरून जाताना खाडीत रोहित पक्षी बघ. ठाण्याची खाडी २०१५ साली त्यांच्यासाठी अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर यादीत गेली. लोक कुठून कुठून कॅमेरे घेऊन येतात, आणि तुला नाइटिंगेल हवा!

नावं माहीत नव्हती, असं म्हणशील. मग तसं लिहायचं. "तपकिरी, शेपूट लांब, डोळे लाल, झुडपातून चालत गेला", एवढं लिहिलं असतंस तरी मी भारद्वाज म्हणून ओळखला असता. सलीम अली तुझ्याएवढेच होते तेव्हाची गोष्ट. छर्‍याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. घरात कोणालाच ओळखता येईना. मामांनी चिठ्ठी दिली आणि पोरगं ती मेलेली चिमणी घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेलं. गोर्‍या साहेबासमोर जायचं म्हणून घाबरलेलं. मिलार्डसाहेबांनी नाव सांगितलंच, वर सोसायटीतले भुसा भरलेले पक्षी काढून काढून दाखवले. तिथून पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे, १२ नोव्हेंबरला शाळेत पक्षी दिन करता ना तुम्ही? माहीत नाही म्हणायला जाणं, एवढंच त्या मुलानं केलं होतं.

आता एक सांगते, रागावू नकोस. तुझा ठकठक्या मला रातवा वाटतो. हा पक्षी रात्री कच्च्या वाटेवरच बसतो, बॅटरी मारली की डोळे लालभडक चमकतात आणि "चक् चक् चक् र्र्र" असं ओरडतो. दिवसा पाचोळ्यात बसला तर पाय पडेपर्यंत दिसत नाही. घरटं बांधत नाही, अंडी जमिनीवरच. म्हणून ठकठक्या खोटा ठरत नाही हं. येऊरच्या पाड्यांवरचे वारली बिबट्याच्या शेजारीच राहतात आणि वाघोबाला देव म्हणून पूजतातही, त्यांना दोन्ही ठाऊक असतात. आमच्या कल्याणच्या वाड्यामागच्या पिंपळावर मुंजा होता आणि घुबडही होतं. माझी आजी दोघांचीही नावं घेऊन आम्हाला झोपवायची.

त्या आजीला किती पक्षी ठाऊक होते! ओटीवर बसून नुसत्या आवाजावरून सांगायची. तिची नावं पुस्तकातल्यासारखी नव्हती, कुठली कुठली गावाकडची होती. मी एकही लिहून ठेवलं नाही. चितमपल्लींनी वनखात्यात असताना जंगलातल्या माणसांना विचारून विचारून अशी नावं गोळा केली, म्हणून ती राहिली. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा मला माझ्या आजीचीच आठवण आली. तू तर ठाण्यात राहतेस. १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय तिथं आहे, बाबाला घेऊन जा आणि चितमपल्लींचा 'पक्षीकोश' माग.

आणि गप्प बसण्याचं मी इतकं का लावून धरलंय ते सांगते. १९६८ साली कर्नाळ्याचं अभयारण्य झालं. पुढच्याच हिवाळ्यात आमच्या कॉलेजातून सहल निघाली, मुक्कामाची. मी पैसे साठवले होते, मैत्रिणीची दुर्बीण ठरवली होती. जेवताना वडील म्हणाले, "मुलींनी कशाला रानात राहायचं?" नुसतं विचारलं होतं गं त्यांनी. फार कडक नव्हते. मी उत्तर दिलं असतं तर कदाचित पाठवलंही असतं. मी आमटी वाढून घेतली आणि गप्प बसले. पुढे लग्न, नोकरी, आठ बाराची लोकल, तुझी आई, मामा. कर्नाळा पनवेलच्या पलीकडे, किती लांब आहे? अजून गेले नाही.

तू शिबिराला निघालीस तेव्हा तुझ्या आईशी मीच भांडले होते, ते तुला कोणी सांगितलं नसेल.

तेव्हा उद्या बाईंकडे जा. पक्ष्यांचं खरं सांग आणि "ठकठक्या माझा आहे", तेही ठणकावून सांग. मार्क कापले तर कापू देत. फार बोलले का? आईनं आधीच ऐकवलं असेल. वर्गात उभी असतानाचा तुझा तो चेहरा रात्रभर डोळ्यांपुढून जाईना, म्हणून एवढं लिहिलं. ठकठक्या मला फार आवडला, बाळा. तो रविवारी काय खातो, शाळेला सुट्टी असते तेव्हा? तेवढं राहिलंय लिहायचं.

हे पत्र आईला दाखवायला हरकत नाही, फक्त कर्नाळ्याचं पान काढून ठेव. तिला मी ते कधी बोललेले नाही. येत्या रविवारी ये. स्लो गाडीनं या म्हणावं बाबाला, फास्टला फार गर्दी असते. आंबोळ्या करीन. छत्री विसरू नकोस, मागची अजून माझ्याच दाराला लटकते आहे.

तुझी,
आजी