पक्षघाताची कारणे

पक्षघात, ज्यास कोणी अर्धांगवायू म्हणतात, तो म्हणजे काय हे प्रथम पाहू. मेंदूस रक्त पुरविणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली, अथवा ती वाहिनी फुटली, म्हणजे मेंदूचा तेवढा भाग मरू लागतो; मग अंगाची एक बाजू लुळी पडते, तोंड वाकडे होते, वाचा जाते. हे करणीने किंवा वारे लागल्याने होते, असे कित्येक समजतात. पण तसे नाही. रोग एकाएकी दिसतो खरा, तथापि त्याची तयारी शरीरात पुष्कळ वर्षे चाललेली असते.

आपल्या खेड्यांतील पुष्कळ मंडळी पोटासाठी लालबाग, परळ व दादर येथे जाऊन राहिली. परळचे १९२६ साली उघडलेले के. ई. एम. रुग्णालय त्यांच्या परिचयाचे आहे. त्याच मुंबईच्या एका भागात, सुमारे दीड लक्ष वस्तीत, २००५ व २००६ ह्या दोन वर्षांत पक्षघाताची मोजणी झाली. प्रथमच झटका आलेले ४५६ जण आढळले. दहांपैकी सुमारे आठांस तो गुठळीमुळे आला होता. पुढे भारतासह ३२ देशांतील रुग्णालयांत रोग्यांची तपासणी होऊन २०१६ साली असे प्रसिद्ध झाले की, दहांपैकी सुमारे नऊ झटक्यांच्या मुळाशी टाळता किंवा आवरता येण्यासारखी कारणे असतात. त्यांतील मुख्य आम्ही येथे देतो.

१. वाढलेला रक्तदाब. हे सर्वांत मोठे कारण होय. तो दुखत नाही, खुपत नाही. म्हणून मोजल्यावाचून कळत नाही. मोजमाप वारंवार १४०/९० किंवा अधिक भरले तर औषध लागते. बरे वाटले म्हणून गोळी सोडणे हेच पुष्कळांस घातक झाले आहे.

२. मधुमेह. ह्याने रक्तवाहिन्या आतून बिघडतात.

३. तंबाखू व मद्य. विडी तर वाईटच. पण मिश्री व चघळण्याची तंबाखू निर्दोष आहे, असे आमच्या भगिनींनी मानू नये.

४. हृदयविकार. लहानपणी सांधे सुजून ताप आला असता हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. तेथे गुठळी होऊन ती मेंदूत जाते. तरुणांसही पक्षघात होतो तो कित्येकदा ह्यामुळे.

५. आहारविहार. दिवसास एका माणसाला सर्व मिळून चहाच्या चमचाभर मीठ पुरे. लोणचे, पापड, खारवलेली मासळी ह्यांतील मीठही त्यातच धरावे. पोटाचा घेर वाढू देऊ नये, रोज चालावे.

झटका आलाच तर वेळ पाहून ठेवावी व १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. गुठळी विरघळविण्याचे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही मेंदूचे चित्र यंत्राने घेतल्यावरच. म्हणून तेल चोळीत बसू नये. रोग्याच्या तोंडात पाणी किंवा औषध घालू नये. ते श्वासनळीत जाते.

उपदेशक बंधूंनी पुढील प्रश्न मंडळीस विचारावे:

१. आपल्या घरातील तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब ह्या वर्षी मोजला आहे काय?

२. कोणी गोळी मध्येच सोडली आहे काय?

३. मेंदूचे चित्र घेण्याची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे आपणांस आजच सांगता येईल काय?

तिसऱ्याचे उत्तर ज्या घरी नाही, त्यांनी ते ह्याच आठवड्यात मिळवून ठेवावे.