घरी शिकणाऱ्या लेकराची आई थकते तेव्हा

सेलू तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये आम्हाला अशा आया भेटतात, ज्यांचं लेकरू शाळेच्या पटावर आहे, पण शिकतं घरीच. शिक्षणहक्क कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली आणि तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. पर्याय, बरं का. शाळेने ‘घरीच ठेवा’ म्हणून हात झटकायची ती सोय नाही. विशेष शिक्षक येऊन जातात. बाकीचे दिवस शिक्षिका, नर्स आणि उचलून नेणारी, सगळं आईच.

सकाळी उठतानाच अंग गळालेलं असतं. लेकराचं सगळं होतं, पण त्यात जीव राहत नाही. ‘मी अशी नव्हते’ असं वाटत राहतं. बेल्जियमच्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक या अभ्यासकांनी पालकांच्या अतिथकव्याच्या ह्याच खुणा सांगितल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची ‘बर्नआउट’ची व्याख्या मात्र नोकरी-धंद्यापुरतीच आहे. बिनपगारी आईचा थकवा तिथेही मोजला जात नाही!

आधी रक्त तपासा. बाईचं हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असेल, तर तो रक्तक्षय आहे. थायरॉइड आणि रक्तदाबही पाहून घ्या. पुष्कळदा मनाचा म्हणून समजलेला थकवा रक्तातला निघतो.

मग घरातल्यांशी बोला. ‘मदत करा’ म्हटल्याने काही होत नाही. ‘संध्याकाळी सहा ते आठ लेकरू तुमच्याकडे’ असं बापाला नेमून द्या. त्या वेळात आईने भांडी घासायची नाहीत, पडून राहायचं. आनापान करा, असा सल्ला अनेकजण देतात. चांगलाच आहे, पण ज्या बाईची रात्रीची झोपच तुटलेली आहे, तिला आधी झोप हवी.

अभ्यासाचं ओझंही कमी करा. भाकरी मोजणं, सदऱ्याची बटणं लावणं, वाटीतलं पाणी ओतणं हे त्या लेकराचे धडेच आहेत. वही भरलीच पाहिजे असं नाही. विशेष शिक्षक आले की आठवड्याला एकच गोष्ट ठरवून घ्या. ते येतच नसतील तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

रविवारी विहारात जमणाऱ्या बायांनी पाळी लावून अशा एका घरी दोन तास बसावं. आम्हाला हे औषधापेक्षा मोठं वाटतं.

लेकरावर हात उठू लागला, किंवा ‘आम्ही दोघं नसलेलंच बरं’ असं तोंडून निघालं, तर त्या आईला एकटं सोडू नका. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतून बोलता येतं. फोन तुम्ही लावून तिच्या हातात द्या.